पहिलं रडणं आणि नाळेतलं रक्त

बाळंतिणीच्या खोलीबाहेर थांबलेली माणसं आधी एकच प्रश्न विचारतात, "बाळ रडलं का?" आमच्या घरांत मग बाळाच्या कानात अजान दिली जाते. रडलं म्हणजे श्वास आला, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण उशिरा रडलेल्या बाळाला प्राणवायू किती कमी पडला, हे रडण्यावरून कळत नाही. ते मोजण्याचा मार्ग सापडायला जवळपास शंभर वर्षं लागली.

१८६१ मध्ये लंडनचे अस्थितज्ज्ञ विल्यम जॉन लिटल यांनी अवघड प्रसूती, जन्मताना कोंडलेला श्वास आणि पुढे मुलाचे ताठरलेले हातपाय यांचा संबंध मांडला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉईड यांनी उलट शंका काढली: बिघाड गर्भातच झालेला असेल आणि अवघड प्रसूती हे त्याचं नुसतं लक्षण असेल तर? वाद मोठा होता, पण मोजमाप कोणाकडेच नव्हतं.

१९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी बाळाला दहापैकी गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि त्वचेचा रंग यांना प्रत्येकी जास्तीत जास्त दोन गुण. पद्धत सोपी, म्हणून जगभर गेली. तरी गुण देणारा शेवटी माणूसच. सावळ्या बाळाचा "गुलाबी" रंग कसा ओळखायचा? शिवाय आईला दिलेल्या भुलीमुळे किंवा दिवस पुरे न भरल्यामुळेही गुण कमी पडतात.

मग प्रश्न रक्ताला विचारला गेला. प्राणवायू तुटला की पेशी साखर अर्धवटच वापरतात, लॅक्टिक आम्ल साठतं आणि रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, उतरतो. अ‍ॅपगार यांचे सहकारी स्टॅन्ली जेम्स यांनी त्यांच्याच सोबतीने १९५८ मध्ये नवजातांच्या रक्तातील आम्लतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनचे एरिख झालिंग यांनी प्रसूती चालू असतानाच बाळाच्या टाळूवरून थेंबभर रक्त घेऊन तपासलं. आज नाळेतल्या धमनीचं रक्त घेतात, कारण ते बाळाकडून वारेकडे जाणारं असतं. सामू ७.० च्या खाली गेला तर धोका गंभीर मानतात. ७.३ वरून ७.० हा फरक दिसायला लहान, पण आम्लता दुप्पट झालेली असते.

हा आकडाही अंतिम निकाल नव्हे. सामू उतरलेली कितीतरी बाळं पुढे ठणठणीत वाढतात. म्हणून मेंदूची इजा थेट दाखवणारी प्रथिनं रक्तात शोधण्याचं काम चालू आहे. घाईही आहे: बाळाचं शरीर थंड ठेवण्याचा उपचार जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो.

या आकड्याची गरज आणखी एका माणसाला असते, आईला. मूल उशिरा चाललं, हातात पेन्सिल धरता येईना, की बोटं तिच्याकडे वळतात: कळा नीट दिल्या नाहीस, दवाखान्यात उशिरा गेलीस. १९८० च्या दशकात अमेरिकेत कॅरिन नेल्सन यांच्या संशोधनाने दाखवलं, की मेंदूच्या पक्षाघाताच्या बहुतेक मुलांच्या बाबतीत जन्मवेळचा कोंडलेला श्वास हे कारण नसतं. फ्रॉईड यांची शंका अगदीच पोकळ नव्हती.

नाळेच्या रक्ताची नोंद सगळंच सांगत नाही. पण जिथे ती असते, तिथे आरोप करण्याआधी निदान एक कागद वाचावा लागतो.