जेजू बेटावरील पाणबुड्या स्त्रिया व दम धरण्याचे शिक्षण

कोरियाच्या दक्षिणेस असलेल्या जेजू या ज्वालामुखीजन्य बेटावरील काही स्त्रिया श्वसनयंत्रावाचून समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले व समुद्रशैवाल गोळा करतात. त्यांना ‘हेन्यो’, म्हणजे समुद्रस्त्रिया, असे नाव आहे. त्यांचे कौशल्य उपजतच असते, अशी समजूत पुष्कळदा आढळते. परंतु त्यांच्या व्यवसायाचा इतिहास पाहिल्यास ही समजूत अपुरी ठरते.

जोसन राजवटीत अबलोन या मौल्यवान शिंपल्यांचा नजराणा जेजूला राजदरबारी पाठवावा लागे. खोल पाण्यातील हे काम पूर्वी मुख्यतः पुरुष करीत. स्त्रियांकडे शैवाल गोळा करण्याचे काम असे. नजराण्याच्या जाचामुळे अनेक कुटुंबे बेट सोडून पळू लागली, तेव्हा १६२९ साली बेटाबाहेर जाण्यास बंदी घालण्यात आली. त्याच सुमारास तेथे हद्दपारीत राहिलेल्या यी गॉन याच्या वर्णनात बुड्या मारणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख येतो. पुढे अबलोनचा भारही स्त्रियांवरच पडला. म्हणजे या विद्येचा विस्तार निसर्गदत्त वृत्तीपेक्षा करव्यवस्थेने अधिक घडविला, असे म्हणावे लागते.

हे शिक्षण ग्रंथबद्ध नव्हते. मुली उथळ पाण्यात खेळता खेळता बुडी शिकत आणि वडीलधाऱ्या स्त्रियांच्या नजरेखाली क्रमाने खोल पाण्यात जात. कौशल्यानुसार हागुन, जुंगगुन व सांगगुन अशा तीन श्रेणी मानल्या जात. किनाऱ्यावरील दगडी आडोशात, ‘बुलतोक’मध्ये, शेकोटीभोवती बसून समुद्रतळाची, प्रवाहांची व धोक्यांची माहिती नवशिक्यांना मिळे. वर आल्यावर शिट्टीसारखा आवाज करीत श्वास सोडण्याच्या रीतीस ‘सुम्बिसोरी’ म्हणतात.

या शिक्षणाचा गाभा दम लांबविण्यात नसून तो कोठे संपतो हे ओळखण्यात आहे. हाती लागू पाहणाऱ्या शिंपल्याच्या मोहाने तळाशी रेंगाळल्यास पाण्यातच श्वास घेतला जातो. त्यास ‘मुलसुम’, म्हणजे जलश्वास, म्हणतात, व तो बहुधा प्राणघातक ठरतो. या शिकवणीस शरीरशास्त्राचा आधार आहे. श्वास घेण्याची निकड मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या वाढीने उत्पन्न होते. बुडीपूर्वी अतिशय जोराने श्वासोच्छ्वास केल्यास हा वायू घटतो, परंतु प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. त्यामुळे सूचना मिळण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते. या स्त्रियांच्या नेहमीच्या बुड्या साधारणतः अर्ध्या ते एका मिनिटाच्या असतात, त्या यामुळेच.

१९६० नंतरच्या दशकात सुक की हाँग व हर्मन रान यांनी या स्त्रियांचा अभ्यास केला. सुती वस्त्रांत थंड पाण्यात उतरणाऱ्या या स्त्रियांचा चयापचय हिवाळ्यात वाढत असल्याचे आढळले. १९७० नंतर रबरी पोशाख रूढ झाला आणि हे अनुकूलन पुढे लोपले. पूर्वी थंडीच कामाचे तास ठरवी. तो निसर्गाचा लगाम सुटल्यावर पाण्यातील वेळ वाढला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार बेटवासीयांत थंडी व रक्तदाब यांच्याशी निगडित काही आनुवंशिक विशेष आहेत. परंतु बुडीच्या वेळी हृदयाचे ठोके अधिक मंदावणे हे सरावाचे फळ दिसते.

२०१६ साली युनेस्कोने या परंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तथापि १९७० च्या सुमारास चौदा हजारांच्या आसपास असलेली या स्त्रियांची संख्या २०२३ पर्यंत तीन हजारांच्या खाली आली, आणि त्यांतील बहुसंख्य साठीपलीकडच्या आहेत. आनुवंशिक गुण पुढील पिढीत आपोआप उतरतील. मोहाच्या क्षणी हात रिकामा ठेवून वर येण्याचा विवेक मात्र शिकविणाऱ्याबरोबरच नाहीसा होईल.