मोडीतून वाचलेली इंजिने

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. चौदा डबे, चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी हा त्या दिवसाचा थाटही पुष्कळांच्या परिचयाचा आहे. ती गाडी ओढणाऱ्या तीन इंजिनांना साहेब, सिंध आणि सुलतान अशी नावे दिलेली होती. परंतु ती इंजिने आज कोठे आहेत, असा प्रश्न कोणी केला, तर कोठेही नाहीत, एवढेच त्याचे उत्तर आहे. ज्या यंत्रांनी या देशातील प्रवासाची रीत पालटून टाकली, त्यांचा आपल्यापाशी अवशेषही उरलेला नाही. याच्या उलट, त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८५५ साली, इंग्लंडातील लीड्स येथे तयार झालेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन काळाच्या जबड्यातून सुटून दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयापर्यंत पोहोचले. एकाच पिढीतील यंत्रांपैकी एक राहावे आणि दुसरी जावीत, असे का घडले, याचा विचार बोधप्रद आहे.

वाफेचे जुने इंजिन मोडीत काढले जाते, ते कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे. इंजिन ही रेल्वेची मालमत्ता असते आणि मालमत्तेचा हिशेब वहीत ठेवावा लागतो. जोवर ते गाडी ओढते तोवर त्याची किंमत त्याच्या कामावरून ठरते. काम थांबले की ती वजनावरून ठरू लागते. भट्टीचे तांबे, जोडण्यांचे पितळ, चाकांचे पोलाद यांना बाजारात भाव असतो. आठवणीला कोणत्याही वहीत रकाना नसतो. शिवाय निकामी इंजिन नुसते उभे ठेवायचे म्हटले तरी जागा अडते आणि राखण करावी लागते. म्हणून मोडीची शिफारस करणारा अधिकारी आपले कर्तव्यच करीत असतो. जुने इंजिन वाचवू पाहणाऱ्याची खरी झुंज असते, ती माणसांशी नव्हे, तर या रास्त हिशेबाशी.

‘फेअरी क्वीन’ प्रथम वाचले ते योगायोगाने. ईस्ट इंडियन रेल्वेने त्याला २२ हा क्रमांक दिला. नाव मिळाले ते चाळीस वर्षांनी, १८९५ साली. हावडा ते राणीगंज या मार्गावर टपालाच्या हलक्या गाड्या त्याने ओढल्या, १८५७ च्या धामधुमीत सैन्याची ने-आण केली, पुढे बिहारात नव्या लोहमार्गाच्या बांधकामावर राबले आणि १९०९ साली ते सेवेतून निवृत्त झाले. त्याच वेळी ते वितळवले गेले असते, तर कोणाला नवल वाटले नसते. पण ते हावड्यास चौथऱ्यावर शोभेसाठी उभे करण्यात आले. १९४३ साली तेथून ते उत्तर प्रदेशातील चंदौसी येथील रेल्वेच्या प्रशिक्षण शाळेत गेले. स्थानकाची शोभा आणि विद्यार्थ्यांची जिज्ञासा, या दोन निमित्तांनी एक ऐतिहासिक यंत्र साठ वर्षे जिवंत राहिले.

योगायोगावर विसंबून वारसा टिकत नाही, हे ज्यांनी वेळीच ओळखले, त्यांत मायकेल सॅटो या इंग्रज गृहस्थाचे नाव अग्रभागी येते. ते एका रासायनिक कंपनीच्या सेवेत भारतात होते. रेल्वे हा त्यांचा छंद होता. पतियाळा संस्थानात १९०७ पासून १९२७ पर्यंत एका रुळावरून चालणारी एक आगळी गाडी होती. तिचा भार एका रुळावर असे आणि तोल सांभाळणारे मोठे चाक बाजूच्या रस्त्यावरून फिरे. ती बंद पडल्यानंतर तिची इंजिने पतियाळ्यास बांधकाम खात्याच्या आवारात मोडक्या सामानात विसरली गेली होती. १९६२ साली सॅटो यांनी ती शोधून काढली. त्यांतील एक अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात दुरुस्त झाले आणि ते आज दिल्लीत पाहावयास मिळते. देशाचे स्वतंत्र रेल्वे संग्रहालय असावे, या कल्पनेचा पाठपुरावाही सॅटो यांनीच केला. ७ ऑक्टोबर १९७१ रोजी राष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी यांच्या हस्ते चाणक्यपुरीत त्याची कोनशिला बसली आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी रेल्वेमंत्री कमलापती त्रिपाठी यांनी ते लोकांसाठी खुले केले. बाहेरच्या रसिकाची तळमळ आणि आतल्या अधिकाऱ्यांची मान्यता, यांचा संगम झाला तेव्हाच हे घडले. ‘फेअरी क्वीन’ला तेथे मानाची जागा मिळाली. पॅरिसमध्ये १८६२ साली बनलेले ‘रामगती’ तेथे आले, आणि माथेरानच्या डोंगरावर वळणे घेत चढणाऱ्या चिमुकल्या इंजिनांपैकी एकही तेथे विसावले.

मात्र संग्रहालय उभे राहत होते त्याच काळात वाफेचे युग मावळत होते. चित्तरंजनच्या कारखान्यातून ब्रॉड गेजचे अखेरचे वाफेचे इंजिन १९७० साली बाहेर पडले. त्याला ‘अंतिम सितारा’ असे समर्पक नाव देण्यात आले. मीटर गेजचे अखेरचे इंजिन १९७२ साली निघाले. यामागचे कारण निर्विवाद होते. कोळशातील उष्णतेपैकी शंभरांतील जेमतेम सहा-सात भाग गाडी ओढण्याच्या कामी येत. बाकीची धुराड्यातून आणि वाफेबरोबर वाया जाई. डिझेल आणि वीज यांच्यापुढे हा हिशेब टिकणारा नव्हता. ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर आणि फिरोजपूर यांच्या दरम्यान ब्रॉड गेजवरील वाफेची अखेरची नियमित गाडी धावली.

दिल्लीच्या नैऋत्येस असलेल्या रेवाडीवर या बदलाचा घाव विशेष बसला. १८७३ साली दिल्ली-रेवाडी हा देशातील पहिला मीटर गेज मार्ग सुरू झाला होता आणि १८९३ पासून तेथे इंजिनांचे मोठे लोकोशेड होते. मीटर गेज जाऊन ब्रॉड गेज आला, वाफ गेली आणि शंभर वर्षे धगधगलेले ते शेड १९९३-९४ च्या सुमारास थंड पडले. येथे केवळ इंजिनांचा प्रश्न उरला नाही. वाफेचे इंजिन कळ दाबून सुरू होत नाही. भट्टी पेटवल्यावर पुरेशी वाफ धरण्यास कित्येक तास लागतात. कोळसा कोठे पातळ पसरावा आणि कोठे दाट, हे फायरमन ज्वालेच्या रंगावरून ठरवतो. पाण्याची पातळी भट्टीच्या छताखाली गेली, तर छतातील शिशाची मेख वितळते आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देते. ती वेळ येऊ न देण्यातच ड्रायव्हरचे कसब असते. नळ्या बसवणारा, तांब्याच्या पत्र्याला टाके घालणारा, आवाजावरून सैल झालेला सांधा ओळखणारा कारागीर पुस्तकातून तयार होत नाही. ही विद्या हाताकडून हाताकडे जाते. शेड बंद होते तेव्हा ती परंपरा तुटते आणि त्या मोडीची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

या जाणिवेतून दिल्लीत एक धाडसी प्रयोग झाला. संग्रहालयाचे तत्कालीन संचालक अश्वनी लोहानी हे रेल्वेच्या यांत्रिकी शाखेतील अधिकारी. त्यांच्या पुढाकाराच्या काळात ‘फेअरी क्वीन’ मद्रासजवळच्या पेरांबूर कारखान्यात दुरुस्त झाले आणि १८ जुलै १९९७ रोजी, निवृत्तीनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, पुन्हा मुख्य मार्गावर धावले. पुढे ते दिल्ली छावणी ते अलवर अशी प्रवाशांची गाडी ओढू लागले आणि १९९८ साली नियमित चालणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनीजच्या ग्रंथात त्याची नोंद झाली. १९९९ साली वाफेच्या रेल्वेचे चाहते आणि काही रेल्वे अधिकारी यांनी मिळून ‘इंडियन स्टीम रेल्वे सोसायटी’ स्थापन केली. डिसेंबर २००२ मध्ये रेवाडीचे शेड वारसास्थान म्हणून पुन्हा उघडले आणि २०१० साली तेथे संग्रहालयाची भर पडली. मोडीची वाट पाहणारी इंजिने तेथे पुन्हा पेटवली गेली. त्यांत अमेरिकेत १९४७ साली बनलेले ‘आझाद’ होते आणि चित्तरंजन येथे १९६५ साली बनलेले ‘अकबर’ही होते.

जगात अन्यत्रही याच वाटेने इंजिने वाचली आहेत. वेल्समधील बॅरी या बंदरगावी एका भंगारवाल्याने ब्रिटिश रेल्वेची सुमारे तीनशे इंजिने विकत घेतली होती. परंतु जुन्या वाघिणी फोडणे अधिक सोपे असल्याने त्याने आधी ते काम हाती घेतले आणि इंजिने वर्षानुवर्षे समुद्राच्या वाऱ्यावर गंजत पडली. तेवढ्या अवधीत रसिकांच्या मंडळांनी वर्गणी गोळा करून दोनशेहून अधिक इंजिने सोडवून नेली. योगायोगाने अवधी दिला. त्याचे सोने माणसांनी केले.

तथापि एका आक्षेपाचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. चालते ठेवलेले यंत्र झिजते. एकेक भाग बदलत गेला की शेवटी मूळचे किती राहिले, असा प्रश्न उभा राहतो. उलट, न चालवता उभे ठेवलेले यंत्रही सुरक्षित असतेच असे नाही. ‘फेअरी क्वीन’चेच भाग ते शेडमध्ये उभे असताना चोरीस गेले, आणि पेरांबूरला पुन्हा मोठी दुरुस्ती झाल्यावर २०१२ च्या डिसेंबरात ते मार्गावर आले. या पेचातून वाट काढताना पुन्हा सॅटो यांच्याच कार्याकडे वळावे लागते. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी स्टीफन्सनच्या ‘लोकोमोशन’ची १९७५ साली आणि ‘रॉकेट’ची १९७९ साली चालती प्रतिकृती घडवली. मूळ यंत्रे जशीच्या तशी जपली गेली आणि प्रतिकृतींनी धावून दाखवले.

यातून निघणारा बोध साधा आहे. दीडशे वर्षांच्या एकमेव यंत्राला विसावा द्यावा, त्याचे लोखंड हाच दस्तऐवज समजून त्याला कमीत कमी हात लावावा. परंतु ज्यांचे भाईबंद शेकड्यांनी झाले, अशा विसाव्या शतकातील इंजिनांना आगीवाचून ठेवू नये. कारण त्यांच्या भट्टीत केवळ कोळसा जळत नाही, तर फायरमनची आणि फिटरची विद्या जागती राहते. थंड इंजिन डोळ्यांना इतिहास सांगते. तापलेले इंजिन तो हातांना शिकवते. दिल्लीचे संग्रहालय आणि रेवाडीचे शेड ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत, आणि एकाच्या खर्चासाठी दुसऱ्याचा बळी देणे म्हणजे अर्धाच वारसा पुढच्या पिढीच्या हाती ठेवणे होय.

रेवाडीच्या मीटर गेज इंजिनांना नावे देताना जुन्या तीन नावांचे स्मरण ठेवण्यात आले. साहेब, सिंध आणि सुलतान ही नावे तेथे पुन्हा इंजिनांच्या अंगावर झळकली. ठाण्याच्या वाटेवरची ती पहिली यंत्रे परत येणार नाहीत. नावे मात्र परत आली, आणि ती धारण करणारी इंजिने भंगाराच्या ढिगात जाऊ न देणे आजच्या माणसांच्या हाती आहे.