जंतूंचे भक्षक परळांत

गंगायमुनांच्या पाण्यांत पटकीचे जंतू लवकर मरतात, हें आग्र्याचे शास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनीं १८९६ सालीं दाखविलें. पाणी उकळलें कीं हा गुण नाहींसा होई. भाविकांना त्यांत नवल वाटलें नसेल. शास्त्राला मात्र कारण हवें होतें. तें कदाचित् १९१७ सालीं पॅरिसच्या फेलिक्स देरेल यांच्या हातीं लागलें: जंतूंतच वाढून त्यांना फोडणारे विषाणू, म्हणजे जंतुभक्षक. १९२५ सालीं अलेक्झांड्रियांत त्यांनीं प्लेगाच्या चार रोग्यांना ते टोंचले, चौघेही वांचले. प्लेगानें १८९६ पासून होरपळलेल्या मुंबईस ही वार्ता लहान नव्हती. १९२६ त देरेल परळच्या हाफकिन संस्थेंत प्रयोगांसाठीं आले. पुढें पंजाबांत त्यांनीं पटकीचे भक्षक विहिरींत ओतले. पण सांथ औषधानें हटली कीं आपोआप ओसरली, हें विहिरीवरून कसें ठरावें? शिवाय एका जातीचा भक्षक बहुधा एकाच जातीचा जंतू ओळखतो; रोग्याचा जंतू आधीं पारखावा लागतो. पेनिसिलिनाला एवढी पारख लागत नसे. १९४० नंतर तें हातीं येतांच बहुतेक देशांनीं हा मार्ग सोडला. जॉर्जियांतील तिबिलिसी येथें मात्र तो टिकला, आणि औषधांना न जुमानणारे जंतू माजल्यामुळें आतां परदेशचे रोगी तेथें जातात.