बाळागोळी ते पाळणाघर

साल १९८४. लालबागला माहेरी माझं बाळंतपण झालं होतं आणि तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन मी दादरला सासरी परत निघाले होते. रजा संपत आली होती. सासूबाई स्वतः शाळेत शिक्षिका, त्यामुळे बाळाला कोण सांभाळणार, हा एकच विषय दोन्ही घरांत चालला होता. शेवटी आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी होकार दिला. त्यांच्याकडे आधीच चार मुलं असायची. निघताना आजीने, म्हणजे आईच्या आईने, माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "त्या बाई गोळी नाही ना देत गं?"

मला प्रश्नच कळला नाही. मग आजी म्हणाली, "थोरल्याला मी द्यायची. दहा तासांची पाळी. काय करणार?" आईच्या पाठीवर नव्हे, आईच्या आधी एक भाऊ होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याचं पुढे काय झालं, ते आजीने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. गोळी म्हणजे बाळागोळी. तिच्यात अफू असे. सकाळी गोळी चाटवली की मूल निजून राही आणि आई कामावर जाई. ही काही एकट्या माझ्या आजीची गोष्ट नव्हे. गिरण्यांतल्या बायकांची स्थिती पाहण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंना नेमलं होतं. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगार बायकांच्या शंभर तान्ह्यांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जाते, असं त्यात नोंदलेलं आहे. त्या आया निर्दय होत्या का? मुळीच नाही. बिनपगारी घरी बसणं परवडत नव्हतं. शिवाय जागा परत मिळणं बायकांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीच्या मर्जीवर असे. मग मूल निजवण्यावाचून दुसरा मार्ग उरत नसे.

या बायकांना बाळंतपणाचा भत्ता मिळावा म्हणून ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणलं. पुढच्याच वर्षी ते फेटाळलं गेलं. मग मुंबई कौन्सिलमध्ये आसवले यांनी विधेयक मांडलं. २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. ते तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. गिरणीचा भोंगा त्यांच्याही कानावर रोज पडत असणार. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, असा त्यांचा मुद्दा होता. सरकार तो उचलत नाही तोवर मालकाने द्यावा, कारण बाईच्या श्रमाचा नफा त्यालाच मिळतो.

१९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला. बाळंतपणानंतर चार आठवडे बाईला कामावर घ्यायला बंदी आली आणि आठ आणे रोजाने भत्ता ठरला. माझी आई १९३० ची. म्हणजे थोरल्याच्या वेळी आजीला जे मिळालं नाही, ते आईच्या वेळी मिळालं.

पण गोष्ट इथे गोड संपत नाही. त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. पुढे त्यांचं प्रमाण घसरतच गेलं. नवी यंत्रं आली, कामाची फेरजुळणी झाली, रात्रपाळीची बंदी होतीच. त्यात बाई म्हटली की भत्ता आला, पाळणाघर आलं, असा हिशेबही मालकांनी केला. आईला दिलेला हक्क एकट्या मालकाच्या खिशातून गेला की तो बाईला कामावर घेणंच टाळतो. बाबासाहेबांच्या त्या मुद्द्याचं मोल इथे कळतं. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने हा भार वर्गणीच्या निधीवर टाकला, ती वाट त्याच दिशेची होती. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आली. पण तोवर अनेक खाती बायकांविना चालू लागली होती.

दुसरी एक वाट दादरच्या हिंदू कॉलनीत दिसते. ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये तिथे शिशुविहार काढला. लहान मूल म्हणजे नुसतं निजवून ठेवायचं गाठोडं नव्हे, त्याला डोळे, हात, कुतूहल आहे, हे त्यांनी मराठी घरांना शिकवलं. त्या स्वतः नोकरी करत लेकीला वाढवणाऱ्या आई होत्या. पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासोबत त्यांनी आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. आपला 'अंगणवाडी' हा शब्द त्याच कामातून आला.

परळची बाळागोळी आणि हिंदू कॉलनीचा शिशुविहार यांत पायी वाट अर्ध्या तासाची. पण आजीला ती चालता आली नाही, कारण भोंगा व्हायचा आणि शिशुविहार तिच्या चाळीत नव्हता.

२०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर नेली आणि पन्नास माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, असं म्हटलं. चांगलंच झालं. पण पगार पुन्हा मालकाच्याच खिशातून. आणि जिथे पन्नास माणसंच नाहीत, त्या दुकानात, घरकामात, खानावळीत राबणाऱ्या आईचं काय?

माझी लेक काकूंकडे छान वाढली. पहिल्या दिवशी मी अर्ध्या सुट्टीत धावत घरी आले होते. बाळ टक्क जागं होतं आणि हात झाडत खिदळत होतं. मी लालबागला शेजाऱ्यांकडे फोन करून आजीला निरोप दिला, 'जागी आहे.' एवढंच. आजीला ते पुरेसं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)