अमिनो आम्ले आणि अस्थींचा कालनिर्णय

अदिनांकित पोथीचा काळ ठरवताना दिनांकित पोथीचा आधार घ्यावा लागतो. तो दिनांकच चुकीचा निघाला, तर पुढची सारी अनुमाने ढासळतात. साहित्याच्या अभ्यासकांना परिचित असलेला हा धोका विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्राचीन अस्थींच्या कालमापनातही उद्भवला.

जीवाश्मांत अमिनो आम्ले दीर्घकाळ टिकून राहतात, हे फिलिप एबलसन यांनी 1954 मध्ये दाखवून दिले. सजीवांच्या प्रथिनांत ही आम्ले जवळजवळ केवळ वामरूपात असतात. मृत्यूनंतर ती सावकाश दक्षिणरूप धारण करू लागतात, आणि दोन्ही रूपांच्या गुणोत्तरावरून गेलेला काळ मोजता येईल, अशी यामागची कल्पना. परंतु परिवर्तनाची गती तापमानानुसार बदलते. म्हणून त्या त्या प्रदेशातील, अन्य मार्गाने काळ ठरलेली एखादी अस्थी प्रमाण मानावी लागते.

कॅलिफोर्नियात हा मान लगुना येथील कवटीला मिळाला. रेडिओकार्बन पद्धतीने तिचे वय सुमारे 17,000 वर्षे ठरले होते. तिच्या आधारे जेफ्री बाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये डेल मार येथील मानवी अवशेष सुमारे 48,000 वर्षांपूर्वीचे असल्याचे प्रतिपादन केले. पुढे सनीव्हेल येथील सांगाड्याचे वय तर 70,000 वर्षांपर्यंत गेले. अमेरिकेतील मानवाच्या आगमनाचा इतिहासच त्यामुळे कितीतरी मागे सरकला. अंकांना एक वजन असते. प्रयोगशाळेतून आलेल्या अंकांना जरा अधिकच.

1980 च्या दशकात त्वरकाच्या साहाय्याने अत्यल्प नमुन्याचेही रेडिओकार्बन-मापन शक्य झाले, आणि लगुनाची कवटी अवघी सुमारे 5,100 वर्षांची निघाली. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत अशा सांगाड्यांपैकी एकही 11,000 रेडिओकार्बन-वर्षांहून जुना ठरला नाही. 

दोष केवळ प्रमाण मानलेल्या कवटीचा नव्हता. हाड सच्छिद्र असते. भूजलामुळे त्यातील कोलॅजेन विघटित होते, मूळची आम्ले वाहून जातात, बाहेरची आत शिरतात. त्यामुळे गुणोत्तर काळाइतकेच अस्थीच्या जतनाच्या अवस्थेवरही अवलंबून राहते. पुढील संशोधन म्हणूनच शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या शंखांची झाकणे यांकडे वळले. तेथे काही आम्ले स्फटिकांच्या आत बंदिस्त असतात. ब्रिटनमधील हिमयुगीन थरांचा कालक्रम 2011 मध्ये अशाच झाकणांवरून लावण्यात आला.