क्ष-किरणांची वाट

लोणावळ्याकडील तलावांत अडविलेलें पाणी नळांतून घाटाखालीं सोडून टाटांच्या कंपनीनें खालापूर तालुक्यांत, खोपोलीस, वीज निर्माण केली. १९१५ सालीं ती मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. पाणी सह्याद्रीचें, वीज खोपोलीची आणि उपयोग मुंबईस! कर्जत-खालापूरच्या रोग्यालाही अनेकदां हीच वाट धरावी लागते. ‘स्कॅन करून आणा’ अशी चिठ्ठी हातीं पडली, कीं आंतल्या वाडीवरील मजूर पनवेलची किंवा कल्याणची वाट धरतो. त्याचा रोज बुडतो, सोबत्याचा बुडतो, आणि तपासणीचे पैसे वेगळेच. मग ती तपासणी खरोखर हवी होती काय, हा प्रश्न लहान राहत नाहीं.

या चित्रविद्येचा आरंभ मोठा उदार होता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें प्राध्यापक राँटजेन यांना हे किरण आढळले. अज्ञात म्हणून त्यांनीं ‘एक्स’ हें नांव दिलें. आपण बीजगणिताच्या संवयीनें ‘क्ष’ म्हटलें. १९०१ चें पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें, परंतु शोधाचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. पुढें १९७१ सालीं लंडनमध्यें हौन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रानें पहिल्या रुग्णाच्या मेंदूचें चित्र टिपलें. मागोमाग एमआरआय आला. यंत्रें कोट्यवधि रुपयांचीं झालीं. कर्जाऊ घेतलेलें यंत्र रिकामें ठेवून कसें चालेल? रोगी पाठविणाऱ्यास वांटा देण्याची चाल पडली. तिलाच लोक ‘कट’ म्हणतात.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनीं असें कमिशन निषिद्ध ठरविलें. २०१७ सालीं निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीनें महाराष्ट्रासाठीं स्वतंत्र कायद्याचा मसुदा केला, पण पुढें वर्षानुवर्षें तो मसुदाच राहिला. शासनाला हें जमत नाहीं असें नव्हे. सोनोग्राफी व अन्य तंत्रांनीं गर्भलिंग पाहण्याविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालीं, केंद्राच्या १९९४ च्या कायद्याच्याही आधीं, कायदा केला होता.

कोणी म्हणेल, चित्र काढल्यानें बिघडलें काय? पाठ मुळींच न दुखणाऱ्या ९८ माणसांचा एमआरआय अमेरिकेंत काढण्यांत आला. १९९४ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिकांच्या, म्हणजे ५२ टक्क्यांच्या, मणक्यांमधील एखादी तरी गादी फुगलेली होती. सर्व गाद्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के! मग भातलावणीनें पाठ धरलेल्या बाईच्या चित्रांत कांहीं न सांपडलें तरच नवल. सांपडलें, कीं भय, दुसरी तपासणी, क्वचित् शस्त्रक्रियाही. सीटीची गोष्ट आणखी निराळी. पोटाच्या एका सीटींत छातीच्या साध्या एक्स-रेच्या शंभरपटींहून अधिक किरण शरीरांत जातात.

यंत्रांशीं माझें वैर नाहीं. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग खालापुरांतूनच जातो. तेथील अपघातांत डोक्याला जबर मार बसलेल्याचें सीटी स्कॅन तांतडीनेंच व्हावयास हवें. पाठदुखीबरोबर ताप, पायांतील बळ कमी होणें, लघवीवरचा ताबा सुटणें अशीं लक्षणें असलीं तरीही विलंब नको. एरव्हीं पहिले सहा आठवडे चित्राची सहसा गरज नसते.

‘या चित्रानें माझा उपचार बदलणार आहे काय?’ असें डॉक्टरांना विचारण्यांत अनादर नाहीं. वाडीवरचा मजूर तसें विचारण्यास कचरतो. आणि आपण शिकलेलीं माणसें? ‘एकदां काढूनच टाका ना, डॉक्टर,’ असें मीं स्वतःच म्हटलेलें आहे.