बरगड्या काढल्या, मग त्या जागी काय?

आजचा विषय जरा अंगावर येणारा आहे. बरगडीत कॅन्सरची गाठ झाली, की सर्जन ती आजूबाजूच्या निरोगी भागासकट काढतात. म्हणजे छातीच्या पिंजऱ्याला भगदाडच! ते नुसत्या कातडीनं झाकलं तर माणूस श्वास घेताना तेवढा भाग फुगण्याऐवजी आत ओढला जातो. नीट खोकताही येत नाही.

आधीची अडचण तर याहून मोठी होती. छाती उघडली की फुप्फुस मिटायचं. न्यू ऑर्लिन्सचे पारहॅम यांनी १८९८ च्या सुमारास श्वासनलिकेत भात्यानं हवा भरत अशा गाठी काढल्या. १९०६ मध्ये इटलीच्या टान्सिनींनी स्तनाच्या कॅन्सरनंतरची जखम पाठीच्या रुंद स्नायूनं झाकली. स्नायू रक्तवाहिनीसकट फिरवून पुढे आणायचा. ही युक्ती पुढे जवळजवळ विसरली गेली आणि १९७० च्या दशकात परतली. आज जाळी घाला नाहीतर धातू, वरून असा जिवंत स्नायू बऱ्याचदा लागतोच.

आता जाळी. ह्यूस्टनचे सर्जन फ्रान्सिस अशर यांनी १९५८-५९ च्या सुमारास मार्लेक्स प्लास्टिकची जाळी वापरात आणली. याच मार्लेक्सचे तेव्हा हुला हूप बनत होते. हो, तेच, कमरेभोवती गरगर फिरवायचं कडं! जाळीच्या छिद्रांतून शरीराची ऊती वाढते, हा मोठा फायदा. पण भगदाड मोठं असेल तर ती लवते. म्हणून न्यूयॉर्कच्या मॅकॉर्मॅक आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दोन जाळ्यांमध्ये मिथाइल मेथाक्रिलेट भरून केलेलं सँडविच मांडलं. दाताच्या कवळीतलंच हे द्रव्य. छातीला आकार छान येतो, पण ते श्वासाबरोबर वाकत नाही, आणि जंतुसंसर्ग झाला तर बहुधा काढावं लागतं.

मग सरस काय? मेयो क्लिनिकनं १९९९ मध्ये १९७ रुग्णांचा हिशोब मांडला: ६४ जणांना पॉलिप्रॉपिलीनची जाळी, १३३ जणांना पीटीएफई, म्हणजे गोअर-टेक्सच्या जातीचं पाणी न झिरपणारं कापड. निकालात विशेष फरक नाही! मला तरी हा आकडा सगळ्या जाहिरातींपेक्षा बोलका वाटतो. मात्र हे रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, सर्जनच्या पसंतीनुसार होते.

२०१५ मध्ये स्पेनच्या सालामांका इथं ५४ वर्षांच्या एका रुग्णाला थ्रीडी प्रिंट केलेलं टायटॅनियमचं छातीचं हाड आणि बरगड्या बसवल्या. स्कॅनवरून, त्याच्याच मापाच्या. छपाई झाली ऑस्ट्रेलियात. बाराव्या दिवशी तो घरी गेला.